पाहुणा देशाचा, व्यासपीठ मुलांचं

२४ जुलै २०१७. अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनिया राज्यात, ग्लेन जीन गावाजवळच्या डोंगराळ मैदानावर जवळपास चाळीस हजार माणसं जमली होती. त्यात बहुतेक शाळकरी मुलं, अंगात खाकी गणवेश, गळ्यात रुमाल. बॉय स्काउट्स ऑफ अमेरिकेची राष्ट्रीय जांबोरी, म्हणजे काही वर्षांनी भरणारं मोठं शिबिर, सुरू होती आणि राष्ट्राध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प भाषणाला उभे राहिले. सुरुवातीलाच ते म्हणाले की वॉशिंग्टनमधली भांडणं आज बाजूला ठेवू, स्काउट्ससमोर उभं राहून राजकारणावर बोलायचंय कोणाला? मुलांनी टाळ्या वाजवल्या.

त्यानंतर अर्ध्या तासाहून अधिक चाललेल्या भाषणात स्काउट्सचं आणि स्वयंसेवकांचं कौतुक होतं, चिकाटीने काम करा असा उपदेशही होता. पण त्याच भाषणात आदल्या वर्षीच्या निवडणुकीची रात्र आली, कोणतं राज्य कसं जिंकलं ते आलं, हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारातल्या चुका आल्या, खोट्या बातम्या देणारी माध्यमं आली. आरोग्य विम्याचा कायदा मोडायला मतं जमली नाहीत तर आरोग्यमंत्र्यांना काढून टाकीन, असं ते मंत्री शेजारी उभे असताना हसत हसत म्हणून झालं. ओबामा कधी जांबोरीला आले होते का, असंही त्यांनी मुलांना विचारलं. मुलं ओरडली, ‘नाही!’ आणि गर्दीतून आधीच्या राष्ट्राध्यक्षांची हुर्यो उडाली. ओबामा स्वतः गेले नव्हते हे खरंच, २०१० च्या शताब्दी जांबोरीला त्यांनी चित्रफितीतून संदेश पाठवला होता.

तीन दिवसांनी संघटनेचे मुख्य अधिकारी मायकेल सरबॉ यांनी जाहीर माफी मागितली. जांबोरीत जी राजकीय भाषा शिरली तिच्यामुळे स्काउट परिवारातले जे दुखावले, त्यांची ती माफी होती.

ट्रम्प यांच्या बाजूने किंवा विरोधात काही सिद्ध करण्यासाठी मी ही घटना घेतलेली नाही. तिच्यात हा सगळा विषय एका जागी सापडतो, म्हणून घेतली आहे. मुलांची संघटना आम्ही कोणत्याही पक्षाच्या नाही असं सांगते, ते मनापासूनच सांगते, आणि तरीही देशाच्या नेत्याला व्यासपीठावर बोलावते. या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात का? माझं मत आहे की नांदू शकतात. मात्र त्यासाठीचं सगळं काम नेत्याची गाडी मैदानात शिरण्याआधी झालेलं असावं लागतं. गाडी आत आल्यावर यजमानाच्या हातात फार थोडं उरतं.

आधी शब्दाकडे पाहू. आपण सहज ‘तटस्थ’ म्हणतो. तटस्थ म्हणजे तटावर, काठावर उभा असलेला. प्रवाहात जे चाललंय त्याच्याशी ज्याचा संबंध नाही असा. पण ज्या संस्थेने नेत्याला निमंत्रण धाडलं, मंच उभारला, मुलांना रांगेत बसवलं, ती काठावर कुठे राहिली? ती पाण्यात उतरलेलीच आहे. म्हणून अशा संस्थांकडून जे अपेक्षित असतं त्याला ‘निःपक्ष’ हा शब्द अधिक चपखल बसतो. नेता येईल, बोलेल, देशाबद्दल बोलेल, पण त्याच्या पक्षाच्या झोळीत आमच्या मुलांच्या टाळ्या पडणार नाहीत, इतकी ही अपेक्षा आहे.

जागतिक स्काउट चळवळ आपल्या घटनेत स्वतःला स्वयंसेवी, अराजकीय, शैक्षणिक चळवळ म्हणवते. यातला ‘अराजकीय’ शब्द अनेकांना खटकतो, कारण नागरिक घडवण्याची भाषा करणाऱ्या संघटनेने राजकारणाचं नावच काढायचं नाही हे विचित्र वाटतं. चळवळीने त्याचा खुलासा केलेला आहे. सत्तेसाठी पक्षापक्षांत जी झुंज चालते तिच्यात आम्ही पडणार नाही, पण राजकीय वास्तवापासून तुटूनही राहणार नाही. म्हणजे पाणी, हवा, दुबळ्यांना मदत, वंशभेद अशा विषयांवर मुलं बोलू शकतात, काम करू शकतात. अमुक पक्षाला मत द्या, किंवा तमुक नेता नालायक आहे, इथे मात्र थांबायचं. ही रेघ नेहमी ठळक नसते, एखादा विषय आज सर्वांचा असतो आणि उद्या निवडणुकीचा मुद्दा होतो. तरी रेघ आहे. (पक्षांच्या स्वतःच्या युवक शाखांचा प्रश्न इथे येत नाही. त्या निःपक्ष असल्याचा दावाच करत नाहीत.)

ही रेघ मुलांच्या बाबतीत इतकी जपायची कशासाठी, हे कळायला विसाव्या शतकाकडे पाहावं लागतं. ज्या ज्या राजवटीला कायम टिकायचं होतं, तिला मुलांची संघटना हवीच होती. सोव्हिएत रशियात १९२२ मध्ये पायोनियर संघटना निघाली. इटलीत मुसोलिनीच्या राजवटीने १९२६ मध्ये बालिल्ला काढली आणि थोड्याच काळात तिथल्या स्काउट संघटना मोडीत निघाल्या. जर्मनीत १९३६ च्या कायद्याने सगळ्या मुलांना हिटलर युथच्या छत्राखाली आणलं, १९३९ मध्ये सदस्यत्व सक्तीचं झालं, आणि स्काउटिंगवर तर बंदीच होती. यातल्या प्रत्येक ठिकाणी तंबू होते, शेकोट्या होत्या, गाणी होती, गणवेश होते. वरवर पाहिलं तर कुठल्याही चांगल्या शिबिरासारखंच. मुलाला आपण कोणाचे तरी आहोत याचा जो आनंद होतो, तो आनंद तिथे एका नेत्याच्या नावाने बांधून टाकला होता.

लोकशाहीतलं एक बेताल भाषण आणि या राजवटी यांची तुलना होत नाही, मला ती करायचीही नाही. पण गणवेशातली मुलं, मोठी गर्दी आणि एक शक्तिमान माणूस, हे तिन्ही एकत्र आले की काय घडू शकतं याची आठवण स्काउट्ससारख्या निःपक्ष संघटनांच्या हाडात आहे. त्यांचे नियम त्या आठवणीतून आले आहेत.

मुलांची गर्दी मोठ्यांच्या गर्दीपेक्षा वेगळी असते, हेही लक्षात घ्या. सभेला गेलेला प्रौढ माणूस आपल्या मर्जीने गेलेला असतो, पटलं नाही तर उठून निघतो. शिबिरातला तेरा वर्षांचा मुलगा उठून कुठे जाणार? त्याला पथकाबरोबर आणलंय, पथकाबरोबर बसवलंय, आणि उठून जाणं म्हणजे बेशिस्त असं आठवडाभर शिकवलंय. शेजारचा मित्र ओरडला की तोही ओरडतो. ज्याच्या घरी दुसऱ्या पक्षाला मत देतात तो मुलगा अशा वेळी काय करतो? एक तर ओरडतो, नाहीतर खाली बघत बुटाची नाडी सोडून पुन्हा बांधत बसतो. कालपर्यंत ज्या मुलांबरोबर तो एका भांड्यातलं जेवत होता, त्यांच्यात आज आपण वेगळे आहोत हे त्याला कळतं. निःपक्षपणाची सगळी खटाटोप या एका मुलासाठी आहे, असं मी मानतो.

आता एक गाठ, जी बहुतेक चर्चांमध्ये सुटतच नाही. देशाचा नेता म्हणजे नेमकं कोण? ब्रिटनमध्ये राजपद वेगळं, पंतप्रधानपद वेगळं. राणी एलिझाबेथ दुसऱ्या अनेक दशकं तिथल्या स्काउट संघटनेच्या आश्रयदात्या होत्या आणि त्यात कोणाला पक्ष दिसला नाही, कारण त्यांना पक्षच नव्हता. अमेरिकेत राष्ट्रप्रमुख आणि सरकारचा प्रमुख ही दोन्ही पदं एकाच माणसाकडे असतात आणि तोच बहुधा आपल्या पक्षाचा सर्वांत मोठा प्रचारकही असतो. बॉय स्काउट्सची स्थापना १९१० ची (२०२५ पासून ही संघटना ‘स्काउटिंग अमेरिका’ या नावाने ओळखली जाते). १९१६ मध्ये अमेरिकी संसदेने तिला सनद दिली. विल्यम टाफ्ट यांच्यापासून प्रत्येक विद्यमान राष्ट्राध्यक्षाला संघटनेचं मानद अध्यक्षपद देण्याची रीत आहे. १९३७ च्या पहिल्या जांबोरीला फ्रँकलिन रूझवेल्ट आले, १९५० मध्ये ट्रूमन आले, पुढे थोरले बुश, क्लिंटन, धाकटे बुश येऊन गेले. पक्ष कुठलाही असो, निमंत्रण जातंच. यातच संघटनेचा बचाव आहे आणि तो खरा आहे. निमंत्रण पदाला जातं, व्यक्तीला जात नाही.

पण येताना दोघंही एकाच गाडीतून येतात. पदाला दिलेला हार व्यक्तीच्याच गळ्यात पडतो. ट्रम्प यांनी २०२० च्या निवडणुकीची कागदपत्रं शपथविधीच्याच दिवशी निवडणूक आयोगाकडे दाखल केली होती, म्हणजे जांबोरीच्या मंचावर राष्ट्राध्यक्ष आणि पुढचा उमेदवार हे दोघंही हजर होते. यांना वेगळं ठेवण्याची जबाबदारी पाहुण्यावर सोपवली की काय होतं ते त्या संध्याकाळी दिसलं.

कायदा इथे थोडीच मदत करतो. अमेरिकेत १९५४ पासून करमुक्त धर्मादाय संस्थांना उमेदवारांच्या प्रचारात भाग घेण्याची मनाई आहे. सिनेटर लिंडन जॉन्सन यांनी ती दुरुस्ती आणली, म्हणून ती त्यांच्याच नावाने ओळखली जाते. कर खात्याचं मार्गदर्शन सांगतं की राजकारण्याला त्याच्या पदामुळे बोलवायला हरकत नाही, मात्र तो कोणत्या नात्याने येतोय हे स्पष्ट करा, निमंत्रणात निवडणुकीचा उल्लेख नको, आणि कार्यक्रमाचं वातावरण निःपक्ष राखा. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९६ चा शिक्षण कायदा शाळांना पक्षीय मतं शिकवण्यास मनाई करतो आणि राजकीय विषय आले तर दोन्ही बाजू समतोलाने मांडायला सांगतो. कायद्याचा हात इथवरच पोचतो. पाहुणा बोलता बोलता घसरला तर काय करायचं, हे तो सांगत नाही.

याहून मला आवडतो तो अमेरिकी स्काउट्सचा ध्वजासंबंधीचा एक साधा नियम. राजकीय कार्यक्रमात गणवेशातले स्काउट ध्वजवंदन करू शकतात, निष्ठेची शपथ म्हणवून घेऊ शकतात. पण ते झालं की त्यांनी मंचावरून निघून जायचं. वक्त्याच्या मागे, कॅमेऱ्याच्या चौकटीत येईल अशा जागी थांबायचं नाही, कारण पाहणाऱ्याला तो पाठिंबा वाटेल. गणवेशातल्या मुलांचे फोटो कोणाच्याही प्रचारसाहित्यात चालत नाहीत. हा नियम घडताना डोळ्यांसमोर आणून पाहा. चार मुलं ध्वज घेऊन वर येतात, ठरल्या जागी तो रोवतात, सलाम करतात, वळतात आणि पायऱ्या उतरून निघून जातात. मग वक्ता माईकपाशी येतो. मुलं देशाच्या ध्वजासाठी आली होती, भाषणासाठी नव्हती, हे त्या उतरण्यातूनच प्रत्येकाला कळतं. कोणाचा अपमान होत नाही, कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

आता जांबोरीचा पेच पाहा. तिथे मंच संघटनेचा, श्रोते संघटनेचे. पाहुण्याच्या मागून चार मुलं हलवता येतात, पाहुण्याच्या समोरची हजारो मुलं कुठे हलवणार? म्हणून अशा वेळी नियम निमंत्रणातच असायला हवेत. २०१७ मध्ये संघटनेने मुलांच्या बाजूने तयारी केली होती हे मुद्दाम सांगायला हवं. भाषणाआधी पथकांना लेखी सूचना गेल्या होत्या की सभ्यपणे वागा, प्रचारातल्या घोषणा देऊ नका, त्या अनेकांना दुही माजवणाऱ्या वाटतात. सूचना चांगली होती, पण ती फक्त मुलांना होती. मंचावर उभा असलेला मोठा माणूसच जेव्हा प्रचारसभेच्या सुरात बोलतो, तेव्हा मुलांना दिलेली सूचना कुठवर टिकणार?

मला विचाराल तर निमंत्रणाच्या पत्रातच सगळं लिहावं, आणि ते पत्र उघड करावं. पत्रात म्हणावं: आमच्याकडे दर वेळी, कोणत्याही पक्षाचा असो, पदावरच्या नेत्याला बोलावतात. वेळ पंधरा मिनिटं. श्रोते अल्पवयीन आहेत, त्यांची घरं सर्व पक्षांची आहेत. निवडणूक, पक्ष, विरोधक हे विषय नकोत. सेवा, साहस, तुम्ही लहानपणी काय शिकलात, देशापुढची कामं, यावर बोला. नेत्याच्या कार्यालयात भाषण लिहिणारी माणसं असतात आणि अशा पत्राचा त्यांना राग येण्यापेक्षा उपयोगच अधिक होतो. पत्र उघड केल्याचा दुसरा फायदा असा की पुढे काही बिनसलं तर संस्थेला नवं काही बोलावं लागत नाही. आम्ही काय मागितलं होतं ते हे, एवढं दाखवलं की पुरे. वेळेची मर्यादा तर वाटते त्याहून मोठी गोष्ट आहे. पंधरा मिनिटांत माणूस मुद्द्यावर राहतो, अर्धा-पाऊण तास मिळाला की आठवणीत शिरतो, आणि राजकारण्याच्या आठवणी निवडणुकांच्याच असतात.

पाहुणा येणार म्हणून मुलांना किती ताटकळत ठेवायचं, हाही याच प्रश्नाचा भाग आहे. २००५ च्या जांबोरीत धाकट्या बुश यांची वाट पाहताना उन्हाने जवळपास तीनशे जणांना त्रास झाला आणि त्या दिवशीची भेट वादळामुळे रद्दच झाली. बुश काही दिवसांनी आले, सेवाभावावर बोलले, त्यांच्या भाषणाबद्दल तक्रार नव्हती. पण जी संस्था पाहुण्यासाठी मुलांना तासन्‌तास उन्हात बसवते, ती मुलांना न बोलता एक गोष्ट शिकवते, की तुमच्यापेक्षा तो मोठा.

काही पालक इथे आक्षेप घेतील. मुलांना राजकारणापासून इतकं जपलं तर ती अठराव्या वर्षी मतदान कशी करणार? आक्षेप योग्य आहे आणि त्याचं उत्तरही अमेरिकेतच सापडतं. अमेरिकन लीजन ही माजी सैनिकांची संघटना १९४६ पासून ‘बॉइज नेशन’ हा उपक्रम चालवते. प्रत्येक राज्यातून दोन मुलगे येतात, त्यांची दोन काल्पनिक पक्षांत वाटणी होते, मग ते ठराव मांडतात, भांडतात, मतदान करतात. १९६३ मध्ये त्या मुलांनी वंशभेदाविरुद्ध ठराव केला. २४ जुलैला ती व्हाइट हाउसच्या बागेत गेली. राष्ट्राध्यक्ष केनेडी त्यांना म्हणाले, मायामीत भरलेल्या राज्यपालांच्या परिषदेपेक्षा तुम्ही काही बाबतीत जास्त पुढाकार दाखवलात. त्या मुलांत सोळा वर्षांचा बिल क्लिंटन होता. दोघांच्या हस्तांदोलनाचं चित्र १९९२ च्या निवडणुकीत प्रचाराला वापरलं गेलं.

तारीख तीच, २४ जुलै, मधे चौपन्न वर्षं. केनेडी राजकारणावरच बोलले, राज्यपालांना टोलाही हाणला. मग हे चाललं आणि ते खटकलं, असं का? माझ्या मते फरक असा, की केनेडी मुलांनी स्वतः केलेल्या गोष्टीबद्दल बोलत होते. ठराव मुलांचा होता, वाद मुलांनी घातला होता, त्यात हरलेली मुलंही तिथेच उभी होती आणि त्यांना आपलं मत मांडायला आदल्या दिवशी मिळालं होतं. राजकारण मुलांच्या हातात होतं. जांबोरीत मुलं राजकारणाच्या हातात होती. तरीही केनेडींचा तो टोला मला पूर्ण निर्दोष वाटत नाही, आणि हस्तांदोलनाचं चित्र तीस वर्षांनी कुठे पोचलं ते पाहिलं की फोटोबद्दलचे नियम कशासाठी असतात तेही समजतं.

जर्मनीने या प्रश्नावर सर्वांत कसून विचार केला, आणि त्यांनी तो करावा हे ओघानेच आलं. १९७६ मध्ये बॉयटल्सबाख या गावी डाव्या आणि उजव्या दोन्ही विचारांचे राजकीय शिक्षणाचे जाणकार एकत्र बसले. त्यातून तीन तत्त्वं पुढे आली, ती आजही तिथे पाळली जातात. मुलाला मतांनी भारावून टाकायचं नाही, म्हणजे त्याला स्वतः विचार करायला उसंतच न देणं चालणार नाही. समाजात ज्यावर वाद आहे ते मुलासमोरही वाद म्हणूनच मांडायचं. आणि मुलाला त्याचं स्वतःचं हित ओळखून परिस्थिती तपासता आली पाहिजे. पहिलं तत्त्व वाचताना मला दर वेळी तो बुटाची नाडी बांधणारा मुलगा आठवतो. हजारोंच्या जल्लोषात उसंत कुठून मिळणार?

संस्थेच्या विश्वस्तांनी निमंत्रणाआधी स्वतःशी एक उलटतपासणी करावी. हेच भाषण, याच शब्दांत, दुसऱ्या पक्षाच्या नेत्याने केलं तर आपण काय म्हणू? टाळ्या वाजवणाऱ्या पालकांनाही हाच प्रश्न आहे आणि संतापलेल्या पालकांनाही. उत्तर बदलत असेल तर आपण निःपक्षपणाबद्दल बोलत नव्हतो, आपल्या बाजूबद्दल बोलत होतो.

आणि एवढं करूनही पाहुणा घसरला तर? मधेच माईक बंद करणं कोणाला जमणार नाही, ते करूही नये. मात्र त्याच रात्री संस्थेने बोलावं. २०१७ मध्ये पहिलं निवेदन आलं ते आम्ही पूर्णपणे निःपक्ष आहोत, राष्ट्राध्यक्षांना बोलावण्याची परंपरा जुनी आहे, एवढ्यापुरतंच होतं. ते खरं होतं, पण दुखावलेल्या पालकाला त्यात काहीच मिळत नव्हतं. माफी आली तोवर तीन दिवस गेले होते. पुढे ट्रम्प यांनी सांगितलं की स्काउट्सच्या प्रमुखांनी फोन करून भाषणाची तारीफ केली. संघटनेने असा कोणताही फोन आपल्याला माहीत नसल्याचं कळवलं आणि व्हाइट हाउसलाही फोन झाला नव्हता हे मान्य करावं लागलं. वेळेवर, स्वतःच्या शब्दांत न बोललेल्या संस्थेच्या तोंडी दुसरी माणसं आपले शब्द घालतात.

निवेदन वर्तमानपत्रांसाठी असतं. मुलांशी बोलायचं काम पथकाच्या नायकाचं, आणि ते त्या रात्री तंबूतच व्हायला हवं. गोल करून बसावं आणि विचारावं, आज काय ऐकलंत? तुम्हाला काय आवडलं? कोणत्या वाक्याला तुम्ही टाळी वाजवली, आणि ती का वाजवली? कोणाला गप्प बसावंसं वाटलं का? उत्तरं दुरुस्त करू नयेत, फक्त प्रत्येकाला बोलू द्यावं, गप्प बसलेल्याला आधी.

अशा बैठकीत कोणीतरी हमखास विचारतं, ‘सर, तुम्ही कोणाला मत दिलं?’ माझ्या मते इथे खोटं बोलू नये आणि मला राजकारणात रस नाही असंही म्हणू नये. मी मत दिलं, दर वेळी देतो, विचार करून देतो, हे सांगावं. कोणाला, ते या गणवेशात सांगणार नाही, कारण मग उद्या तुमच्यातल्या निम्म्यांना वाटेल की सर आपले आणि निम्म्यांना वाटेल की सर त्यांचे. अठरा वर्षांचा झालास की ये, तेव्हा मी साध्या कपड्यांत असेन, मग सांगतो आणि तुझंही ऐकतो.